डिस्कचा सातबारा

लोणावळ्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचं शूटिंग, पत्रिका, झेरॉक्स, पावसाळ्यात धंदा बसला की लॅमिनेशन. पहिला कॉम्प्युटर १९९९ साली घेतला. तेव्हापासून आजूबाजूच्या चार दुकानांत ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस’ अशी माझी ख्याती झाली आणि ती मी कधी खोडून काढली नाही. गेल्या ऑक्टोबरात ती आपोआप खोडली गेली. विंडोज १० वरून ११ वर जाताना मी माझ्या हाताने दोन पार्टिशनं उडवली. मग मोठ्या ऐटीत जुना बॅकअप बाहेर काढला, तर तो उघडेना. त्यानंतर जे डोक्यात शिरलं, ते शिरलं त्या क्रमाने लिहितो आहे.

१. घाई कॉम्प्युटरला नव्हती, मलाच होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार, ही सूचना स्क्रीनवर कितीतरी महिने येत होती आणि मी ती बाजूला सारत होतो. शेवटच्या आठवड्यात अचानक अंगात आलं. वसुबारस १७ तारखेला, दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, मग माणसांची लग्नं. हंगामाआधी मशीन नवंकोरं करून टाकू, असा हिशेब. खरं तर तारीख उलटली म्हणून काही बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. आणि तेसुद्धा हवे असतील त्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळायची सोय होती. हे मला सगळा राडा उरकल्यावर कळलं. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, सेव्हनचा जानेवारी २०२० मध्ये. दोन्ही वेळा मी वर्ष-दीड वर्ष काहीच केलं नव्हतं आणि माझं काहीही बिघडलं नव्हतं. हे धोरण म्हणून कुणी उचलू नये. पण आळसाने मला दोनदा वाचवलं आणि तिसऱ्यांदा मी शहाणा झालो, हे खरं आहे.

२. ‘डी’त ठेवलं की सुरक्षित, ही माझी श्रद्धा होती. पहिला कॉम्प्युटर पुण्याहून असेंबल करून आणला, लोकलमध्ये मांडीवर सीपीयू घेऊन. देणाऱ्याने सांगितलं, “तीन पार्टिशनं पाडलीत. सी विंडोजचं, डी कामाचं, ई गाण्यांचं.” पाडलीत, हाच शब्द. पुढे एक्स्प्रेस-वे झाल्यावर आमच्याकडे जो तो प्लॉट पाडायला लागला, तेव्हा तो शब्द ऐकून मला डिस्क आठवायची. विंडोज खराब झालं की सी फॉरमॅट मारायचं, डी-ईला धक्का लागत नाही. इतकं खरं होतं आणि तेवढ्यावर मी वीस वर्षं काढली. गिऱ्हाइकांनाही छातीठोकपणे सांगायचो, डेस्कटॉपवर ठेवू नका, डीमध्ये टाका, सेफ राहतं. वाटण्या तीन असल्या तरी घर एकच असतं आणि वरचं छप्परही एकच, हे कधी डोक्यात आलं नाही. ज्यांना ज्यांना मी हा सल्ला दिला त्यांची यादी केली तर निम्मा बाजार निघेल.

३. हिश्शाला नुसता आकार नसतो, कायदाही असतो. हा धडा खरं तर जुना, २००१ च्या सुमाराचा, पण तेव्हा मी त्याच्यापासून काही शिकलो नाही. लग्नाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो आणि दर वेळी साधारण १९ मिनिटांनी कॅप्चर थांबायचं. केबल बदलली, कार्ड बदललं, कॅमेरा दुरुस्तीला पाठवला. डिस्कमध्ये जागा तर भरपूर. शेवटी कळलं, पार्टिशन फॅट-३२ पद्धतीचं होतं आणि तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. टेपवरचा व्हिडिओ तासाला १३ जीबीच्या आसपास खातो. म्हणजे कायद्याने १९ मिनिटं. अंतरपाट धरल्यापासून तो दूर होईपर्यंत आमच्याकडे कधी १९ मिनिटांत उरकलंय? एका पार्टीला मी मंगलाष्टकांचे दोन भाग जोडून दिले होते. जोड तिसऱ्या ‘शुभमंगल’वर पडला होता.

४. सगळ्या डिस्कचा सातबारा ६४ बाइटांत मावतो. पुतण्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात, ती १९८३ पासून चालत आली आहे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात कुठला हिस्सा कुठून सुरू होतो आणि केवढा आहे याची नोंद असते. त्यातही या नोंदींच्या वाट्याला फक्त ६४ बाइट, १६-१६ बाइटांच्या चार ओळी. हे किती लहान, ते मला माझ्या धंद्यातून कळलं. पत्रिकेच्या डोक्यावर आम्ही ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ छापतो. ही एक ओळ आजच्या युनिकोडमध्ये साठवायला ५८ बाइट लागतात. माझी २६ वर्षं, मावळातली शेकडो लग्नं, बारशी, साखरपुडे, एवढ्याशा जागेवर तोल सांभाळून उभे होते.

चार ओळी म्हणजे चारच हिस्से. जास्त हवे असतील तर एका हिश्शाच्या पोटात आणखी हिस्से पाडायचे. माझे डी आणि ई हे तसले पोटहिस्सेच निघाले. ज्याच्या नावावर मावळात चार गुंठे आहेत, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नव्या पद्धतीचं नाव जीपीटी. तिच्यात सर्रास १२८ नोंदींची सोय असते आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. एक तलाठ्याकडे, एक तालुक्याला, तसं. विंडोज ११ रीतसर टाकायचं तर मशीन नव्या पद्धतीने, म्हणजे यूईएफआयने सुरू व्हावं लागतं आणि त्यासाठी विंडोजची डिस्क जीपीटी हवी. माझी एमबीआर. डेटा न उडवता हा बदल करणारं साधन मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये विंडोज १० बरोबर दिलेलं आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाचं. मी ते चालवलं आणि त्याने सरळ नकार दिला. डिस्कवर पोटहिस्से असतील तर ते हात लावत नाही. आज वाटतं, एवढा समंजस नकार मला आयुष्यात फार थोड्यांनी दिला असेल. तेव्हा मात्र मी त्याला नावं ठेवली आणि कपाटातली जुनी सीडी काढली.

५. ‘येस’ दाबायची सवय लागली की माणूस प्रश्न वाचत नाही. सीडी पार्टिशनं जोडायच्या-तोडायच्या सॉफ्टवेअरची, २००६ साली विकत घेतलेली. विकत, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी ते दुर्मीळ होतं आणि मला त्याचा अभिमान होता. सीडीवरून मशीन चालू केलं, निळा पडदा आला, आणि सॉफ्टवेअर म्हणालं, पार्टिशनच्या नोंदीत चुका आढळल्या आहेत, दुरुस्त करू? मी ‘येस’ दाबलं. चुका नव्हत्याच. एक्सपीच्या काळापर्यंत पार्टिशनची सुरुवात एका जुन्या मापाने धरत, पहिला हिस्सा ६३ व्या सेक्टरपासून. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून ती १ एमबीच्या टप्प्यावर धरतात. शंकू-साखळीने मोजणी करणारा मोजणीदार मशीनने मोजलेल्या शेतावर उभा राहिला आणि त्याला सगळेच बांध चुकलेले दिसले, असा प्रकार. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे ते दुरुस्त केले.

मापं बदलली की काय होतं हे आम्हाला ठाऊक नाही असं नाही. घरचे म्हातारे एकर-गुंठ्यांत बोलतात, सातबाऱ्यावर हेक्टर-आर. ४० गुंठ्यांचा एकर कागदावर ४०.४७ आर होतो आणि त्या .४७ वरून भाऊ भावाशी बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. दुकानातही तेच. एक टीबीची डिस्क घेतली की गिऱ्हाईक परत येतं, “विंडोज ९३१ जीबी दाखवतंय, फसवलंत.” कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. हे मी लोकांना हसत समजावतो. तरीही त्या रात्री ‘येस’ दाबताना मला माप आठवलं नाही.

मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा डी गायब होतं आणि ई समोर होतं, पण विंडोज म्हणत होतं, वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू? ईमध्ये काय, गाणी आणि सिनेमे. दुसऱ्यांदा ‘येस’ दाबलं. रिकाम्या झालेल्या ईवर सीमधला सगळा पसारा घाईघाईने ओतून ठेवला, निदान तेवढं तरी वाचावं म्हणून. रात्री दीड वाजता शटर ओढताना आठवलं की २००६ ते २०१३ ची लग्नं मी जागेअभावी ईमध्येच हलवली होती.

६. गेलेलं बहुतेक वेळा गेलेलं नसतं. त्यावर आपण काहीतरी आणून टाकतो तेव्हा ते जातं. पुतण्या चिंचवडला नोकरी करतो. त्याला फोन केला तर तो पहिलं वाक्य बोलला, “काका, आता कशालाही हात लावू नका.” मग दुसरं, “लावला का?” मी गप्प. रविवारी तो आला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि टेस्टडिस्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. दिसायला अगदी गरीब. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जातं आणि पूर्वी बांध कुठे होते त्याच्या खुणा शोधतं. माझं डी त्याला अर्ध्या तासात सापडलं. आत सगळं जसंच्या तसं. नोंद उडाली होती, जमीन जागेवर होती. पुतण्याने नोंद पुन्हा लिहिली आणि एका सेकंदात २०१४ पासूनची सगळी लग्नं समोर हजर.

ईचं तसं झालं नाही. तिथेही नुसता फॉरमॅट मारून थांबलो असतो तर पुष्कळसं मिळालं असतं. पण मी त्यावर दोनशे जीबीचा पसारा ओतला होता. दुसऱ्याच्या शेतात पाया खणून घर उठवल्यावर तिथे भात होता असं म्हणण्यात काय अर्थ? वाचवायच्या धडपडीत मी जेवढं घालवलं तेवढं चुकीने घालवलं नव्हतं.

७. बॅकअप काढणारा मीच होतो, म्हणून तो मला कधी तपासावासा वाटला नाही. ईमधल्या त्या आठ वर्षांचा बॅकअप होता! दर वर्षाचा एक संच, डीव्हीडींवर, वर मार्करने साल आणि नंबर. एका बॅकअप सॉफ्टवेअरने इमेज काढून त्याचे डीव्हीडीएवढे तुकडे केलेले. ते खोकं मी खंडेनवमीला कॅमेऱ्याशेजारी मांडून हळदकुंकू वाहतो. १ ऑक्टोबरलाही वाहिलं होतं. २०१३ नंतर उघडून मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

आता उघडायला गेलो. सॉफ्टवेअर विंडोज १० वर बसेना, ‘या आवृत्तीसाठी नाही’ म्हणालं. त्याची स्वतःची बूट सीडी होती, तिच्यावरून मशीन चालू झालं, पण मी घाबरून आदल्या दिवशी आणलेली नवी एनव्हीएमई डिस्क तिला दिसेचना. ती सीडी बनली तेव्हा असल्या डिस्का कुणाच्या घरात नव्हत्या. त्या सॉफ्टवेअरचा नवा अवतार मिळतो का पाहिला. मिळाला, पण तो जुन्या इमेज ओळखत नव्हता. कुलूप माझं, चावी माझ्या हातात, आणि मधल्या मधे दाराची उंची बदललेली.

उपाय पुतण्याला सुचला आणि तो मला फार आवडला, कारण तो आमच्या गावचा होता. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावायला लागली, तेव्हा खंडाळ्याजवळ चढ इतका अवघड होता की गाडी एका टोकाला नेऊन थांबवत, इंजिन दुसऱ्या बाजूला लावत आणि उलट्या दिशेने पुढे चढवत. १९२९ पर्यंत हे चाललं. आम्हीही तेच केलं. माळ्यावरून मुलीचा जुना लॅपटॉप काढला, त्यावर विंडोज सेव्हन आणि डीव्हीडी ड्राइव्ह दोन्ही शाबूत होती. बॅटरी मेलेली, पण वायर लावल्यावर चालू झाला. त्यावर जुनं सॉफ्टवेअर बसलं, इमेज उघडली, आणि त्यातून साध्या फाइली बाहेर काढून पेन ड्राइव्हने पुढे आणल्या. विंडोज ११ वर जाण्यासाठी मी आठ दिवस विंडोज सेव्हनवर राहिलो.

तो लॅपटॉप दोन दिवाळ्यांपूर्वी भंगारवाल्याला द्यायचा ठरला होता. तो तीनशे म्हणाला, मी पाचशे. तिथे फिसकटलं.

८. बुरशीला हिशेब कळत नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस नुसता वर पडत नाही, तो भिंतीतून आत येतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ वाहायला लागतं, लेन्सवर जाळी धरते. कॅमेऱ्याच्या कपाटात मी बल्ब लावून ठेवतो. डीव्हीडींचं खोकं त्या कपाटात मावत नव्हतं. २००९ च्या संचात नऊ डीव्हीडी. चार नंबरच्या डीव्हीडीवर कडेने पांढरं जाळं आणि मधे पैशाएवढा डाग. पुसली, घासली, तीन ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. इमेजचे तुकडे साखळीसारखे असतात. मधली कडी गेल्यावर उरलेल्या आठ डीव्हीडी चकचकीत असून उपयोग नव्हता. २००९ साल गेलं. नुसते फोल्डर जसेच्या तसे कॉपी करून ठेवले असते तर नवातला एक हिस्सा गेला असता. पण तेव्हा मला इमेज म्हणजे काहीतरी भारी वाटायची. कॉपी-पेस्ट काय, पोरंही करतात.

९. फाइल परत आली म्हणजे मजकूर परत आला असं नाही. डीबरोबर १९९९ पासूनच्या पत्रिकाही आल्या. उघडल्या तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी चिन्हांची खिचडी. त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या होत्या. युनिकोडच्या आधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट स्वतःची बाराखडी चालवायचा आणि आमच्या फॉन्टला एक हार्डवेअर लॉक लागायचं, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला खोचायचं डोंगल. ते पोर्टच आता मशीनला नाही. डोंगल आहे माझ्याकडे, ड्रॉवरमध्ये. दिसायला सुबक आहे. या पत्रिकांचं मी मनावर घेतलं नाही. छापील नमुन्यांची वही आहे, ती चाळली की पुरतं. कागदावरची शाई मात्र आजही कुठलंही विंडोज न लावता वाचता येते.

१०. कडेकोट बंदोबस्त आपल्यालाही बाहेर ठेवतो. शहाणपण अंगात असताना मी मुलीच्या नव्या लॅपटॉपचाही बॅकअप काढायला बसलो. जुन्या बूट साधनाला तिच्या डिस्कवर काहीच ओळखता येईना. तिची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली होती. विंडोज ११ च्या अलीकडच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की हे बरेचदा न विचारता होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर उत्तम. पण मदरबोर्ड गेला तर ४८ आकडी किल्लीशिवाय आतलं काही मिळत नाही, आणि ती किल्ली त्या खात्यात जमा असते. खातं कुणाचं? लॅपटॉप देणाऱ्या दुकानातल्या पोराने ‘चालू करून’ देताना पटकन एक ईमेल बनवला होता, तो तिला आठवत नव्हता आणि त्याला आठवायचं कारण नव्हतं. लॅपटॉप चालू होता म्हणून त्याच्यातूनच किल्ली काढून छापली. ती आता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत आहे. आमच्या घरात जे हरवू नये ते तिथेच असतं.

११. नियम माहीत असणं आणि पाळणं यांत घाट आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर; हा ३-२-१ नियम जगभर सांगतात. तो लोकप्रिय केला पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने, हे कळल्यावर मला जरा लाजच वाटली. धंदा तोच की! आता माझ्याकडे साधे फोल्डर, साध्या फाइली, इमेज-बिमेज नाही. विंडोजची इमेज हवी तर वेगळी काढतो, ती गेली तरी विंडोज पुन्हा टाकता येतं. एक डिस्क दुकानात, एक घरी कॅमेऱ्याच्या कपाटात बल्बखाली. दोन प्रकारची साधनं हे कलम मात्र अजून कागदावरच आहे, डीव्हीडीवरून मन उडालंय. तिसरी डिस्क चिंचवडला बहिणीकडे. संक्रांतीला तिळगुळाच्या डब्याबरोबर लोकलने गेली, राखीला परत येईल, मग भरून भाऊबीजेला पुन्हा जाईल. मधे सहा-सात महिने जातात, हे चूक आहे हे मला कळतं. बहिणीचं म्हणणं, यानिमित्ताने तरी येतोस.

नवं काही टाकायच्या आधी जुन्या बॅकअपमधली कुठलीही एक फाइल नव्या मशीनवर उघडून बघायची, एवढं मात्र पाळतो. फाइल निवडायचं काम बायकोकडे दिलंय, कारण मी निवडली तर जी उघडते तीच निवडीन. मागच्या महिन्यात तिने आमच्याच लग्नाची मागितली. ती कॅसेटवर आहे.

१२. मी एकटाच सांभाळत होतो, असं मला उगीच वाटत होतं. डिसेंबरात मळवलीकडच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, “दादा, सासऱ्यांचा फोटो मोठा करून पाहिजे. आमच्या लग्नात तुम्हीच काढला होता, फेटा बांधलेला. आता रविवारी दहावा आहे.” मी साल विचारलं. २००९. मी काहीतरी पुटपुटलो, मशीन बिघडलंय वगैरे. खरं सांगायचं धाडस दुसऱ्या वाक्याला झालं. त्या काही रागावल्या नाहीत. “मग अल्बम आणू का?” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अल्बम घेऊन आल्या, साडीच्या घडीत गुंडाळलेला. ओलीने दोन पानं एकमेकांना चिकटली होती, पण फेटा बांधलेले सासरे तिसऱ्या पानावर स्वच्छ होते, मांडवाच्या खांबाला टेकून, कुणाला तरी बोटाने काहीतरी दाखवत. मी तो फोटो काढल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. स्कॅन केला, बारा बाय अठराचा काढून दिला, आणि त्यांना विचारून सगळा अल्बमच स्कॅन करून ठेवला. माझ्या २००९ च्या फोल्डरमध्ये आता एक लग्न आहे.

त्या वर्षी मळवली, कार्ला, वलवण, कुसगाव या भागात मी जी लग्नं केली, त्यांची नावं माझ्या पावतीपुस्तकात आहेत. पत्ते बदललेत, फोन बंद आहेत. तुमचं लग्न त्यांतलं असेल तर अल्बम किंवा मी दिलेली सीडी घेऊन दुकानात या. चिकटलेली पानं घरी ओढून सुटी करू नका, तशीच आणा. स्कॅनचे पैसे घेणार नाही. एक प्रत तुम्हाला पेन ड्राइव्हवर देईन, साध्या फाइलींत.